आधी कोण बोलले? : पत्त्यांच्या एका खेळातील कालक्रम आणि संहितेचा प्रश्न

१९९३ साली अमेरिकेत 'मॅजिक : द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ बाजारात आला. त्याचा कर्ता रिचर्ड गारफील्ड हा गणिताचा अभ्यासक. खेळ छापला जाण्यापूर्वी हाताने तयार केलेल्या पत्त्यांवर त्याच्या चाचण्या चालू होत्या, तेव्हाची एक हकीकत त्याने पुढे सांगितली आहे. एक खेळाडू त्याला मोठ्या विश्वासाने म्हणाला, की या पत्त्यामुळे पुढच्या पाळीत माझा विजय ठरलेलाच आहे. पत्त्यावर चार शब्दांचे इंग्रजी वाक्य होते : 'ऑपोनंट लूझेस नेक्स्ट टर्न'. प्रतिपक्षाने आपली पुढची पाळी गमवावी, एवढेच गारफील्डला म्हणायचे होते. वाचणाऱ्याने वाचले, की प्रतिपक्ष पुढच्या पाळीत हरतो. मराठीत हा घोटाळा झालाच नसता. गमावणे आणि हरणे ही आपल्याकडे दोन वेगळी क्रियापदे आहेत, आणि 'पुढची पाळी' व 'पुढच्या पाळीत' यांतला विभक्तीचा भेद कोणाच्याही डोळ्यांतून सुटणारा नाही.

शब्दाच्या अनेकार्थतेवर अर्थात इलाज असतो. शब्द बदलावा आणि पत्ता पुन्हा लिहावा. त्या पत्त्याचे तसेच झाले. 'टाइम वॉक' या नावाने तो प्रसिद्ध झाला तेव्हा या पाळीनंतर आणखी एक पाळी घ्यावी, असे त्यावर सरळ लिहिलेले होते. प्रस्तुत लेखाचा विषय याहून अवघड जातीचा वाद हा आहे. येथे शब्दांचा अर्थ दोन्ही खेळाडूंना मान्य असतो, पत्ता कोणता आणि तो काय करतो हेही मान्य असते. मतभेद असतो तो 'केव्हा' याविषयी. तुझे वाक्य आधी लागू झाले की माझे? मी बोललो तो क्षण अजून उलटला नव्हता की उलटला होता? साहित्यविचाराच्या नियतकालिकात पत्त्यांच्या खेळाची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. संहिता, तिचा अन्वय लावणारा आणि त्या अन्वयाने ज्याचे नुकसान होणार तो, हे तिघे एकाच टेबलावर इतक्या उघडपणे समोरासमोर बसलेले आपल्याला क्वचितच पाहायला मिळतात, एवढे उत्तर तूर्त पुरे.

खेळाची घडण थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. दोन खेळाडू, प्रत्येकाजवळ स्वतः निवडलेल्या पत्त्यांचा जुडगा. आपल्या परिचयाच्या बावन्न पानांना स्वतःचे असे काही म्हणायचे नसते. येथे मात्र प्रत्येक पत्त्यावर त्याचा स्वतःचा मजकूर असतो. असे वीस हजारांहून अधिक निरनिराळे पत्ते आजवर निघाले आहेत. सर्वसाधारण नियम आणि पत्त्यावरचा मजकूर यांत विरोध आला तर पत्ता बलवान, हे या खेळाचे पहिले सूत्र. याचा अर्थ असा, की हा खेळ म्हणजे अपवादांचे एक भांडार आहे आणि त्या अपवादांना एकत्र नांदवण्यासाठी लिहिलेला नियमग्रंथ आज दोनशेहून अधिक पृष्ठांचा झाला आहे.

आता एक साधा प्रसंग घेऊ. टेबलावर 'ग्रिझली बेअर्स' हा प्राणी आहे. त्याची ताकद दोन आणि सहनशक्तीही दोन. प्रतिपक्ष त्याच्यावर 'लाइटनिंग बोल्ट' हा मंत्र टाकतो. त्याने तीन इजा होतात, म्हणजे अस्वल मरणार. अस्वलाचा धनी 'जायंट ग्रोथ' टाकतो. त्याने पाळी संपेपर्यंत ताकद आणि सहनशक्ती तीन-तीनने वाढते. वाढ आधी झाली तर पाच सहनशक्तीचे अस्वल तीन इजा सोसून जगते. वीज आधी पडली तर वाढायला अस्वलच उरत नाही. दोन्ही पत्त्यांवरचे मजकूर निःसंदिग्ध आहेत, शाळकरी मुलालाही कळतील असे आहेत. आणि तरीही अस्वल जगले की मेले हे त्या मजकुरांत कोठेही लिहिलेले नाही. ते दोन मजकुरांच्या मधल्या जागेत आहे.

पहिली काही वर्षे ही मधली जागा निरनिराळ्या युक्त्यांनी भरण्यात आली. मंत्रांना वेगाच्या पायऱ्या होत्या. 'इन्स्टंट' जलद, 'इंटरप्ट' त्याहून जलद. इंटरप्टला उत्तर द्यायचे तर इंटरप्टनेच. इजा टाळण्यासाठी आणखी एक वेगळा टप्पा. १९९९ साली, सहाव्या आवृत्तीच्या वेळी, हे सारे मोडून एकच व्यवस्था लावण्यात आली. तिला इंग्रजीत 'स्टॅक' म्हणतात. आपण चळत म्हणू. खेळाडूने मंत्र उच्चारला की तो लगेच फळत नाही, चळतीवर जाऊन बसतो. मग प्रत्येकाला त्यावर काही म्हणायचे आहे का, हे क्रमाने विचारले जाते. उत्तर आले तर ते चळतीवर वरच्या बाजूला बसते. दोघेही एकापाठोपाठ गप्प राहिले, की सर्वांत वरचा मंत्र फळतो, मग पुन्हा विचारणा, मग त्याच्या खालचा. जो शेवटी बोलला त्याचे आधी खरे होते.

या व्यवस्थेत दोन गोष्टी साधल्या गेल्या. एक म्हणजे काळाचे स्थळात रूपांतर झाले. 'आधी की नंतर' हा प्रश्न 'वर की खाली' असा झाला आणि तो टेबलावर बोट ठेवून दाखवता येऊ लागला. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. कृतीचे दोन तुकडे झाले, उच्चार आणि फल, आणि त्या दोहोंच्या दरम्यान एक अवकाश निर्माण झाला. मीमांसकांना हा अवकाश चांगला परिचित होता. यज्ञ आज संपतो, स्वर्ग मरणोत्तर मिळतो. मधल्या काळात कर्माचे काय होते? या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांनी 'अपूर्व' कल्पिले. खेळातला नियम जवळजवळ याच वळणाचा आहे. एखाद्या प्राण्याने आपली शक्ती वापरली आणि ती चळतीवर असतानाच तो प्राणी मारला गेला, तरी शक्तीचे फळ चुकत नाही. कर्ता गेला तरी कर्म उरते.

१९९९ ते २००९ या दहा वर्षांत हेच तत्त्व लढाईतल्या इजेलाही लावले होते. दोन प्राणी भिडले, की त्यांनी एकमेकांना करावयाची इजा चळतीवर जाई. त्या अवकाशात हुशार खेळाडू आपल्या प्राण्याचा बळी देऊन दुसरा एखादा लाभ पदरात पाडून घेई. 'मॉग फॅनॅटिक' नावाचा एक क्षुद्र प्राणी या काळात असा दोनदा उपयोगी पडे. लढाईतली त्याची एक इजा चळतीवर असतानाच त्याला बळी द्यायचे आणि बळीची म्हणून आणखी एक इजा करायची. २००९ च्या जुलैमध्ये हे बंद झाले. लढाईतली इजा आता चळतीवर जात नाही, लागलीच होते. नव्या खेळाडूंना जुनी पद्धत उमजत नाही, असे कारण देण्यात आले. म्हणजे येथे व्यवस्थेच्या संगतीवर कथनाच्या संगतीने मात केली. नाहीसा झालेला शिपाई वार करतो, हे तर्काला मान्य होते. गोष्ट म्हणून ते कोणी ऐकून घेईना. नियम कितीही अमूर्त केला तरी तो कोणाला तरी गोष्टीसारखा वाचता आला पाहिजे, ही अट कोणी घातली? ती संहितेत नव्हती. ती वाचकांच्या समूहाकडून आली, आणि संहितेला ती मानावी लागली.

नियमांच्या विरोधाचा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. तुल्यबळ नियमांचा विरोध आल्यास परकार्य करावे, असे पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात सांगितले. पर म्हणजे ग्रंथात नंतर आलेले, हा नेहमीचा अर्थ. पण तो सर्वत्र घेतला तर काही ठिकाणी भलतेच रूप सिद्ध होते. तेव्हा पर म्हणजे इष्ट, अशीही वाट पतंजलीने काढली. पुढे नागेशभट्टांच्या परिभाषेन्दुशेखरात परापेक्षा नित्य, नित्यापेक्षा अंतरंग आणि अंतरंगापेक्षा अपवाद बलवान अशी उतरंडच लागलेली दिसते. अगदी अलीकडे, २०२२ मध्ये, केंब्रिजच्या प्रबंधात ऋषी राजपोपट यांनी पर म्हणजे शब्दात उजवीकडे असलेल्या अंशाला लागणारे कार्य, असा अर्थ मांडला आणि त्यावर जाणकारांत वाद झाला. विरोध मिटवणाऱ्या नियमाच्या अर्थाविषयीच विरोध माजावा, यातली गंमत बाजूला ठेवली तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. वैयाकरणाला उत्तर आधीच ठाऊक असते. शिष्टांच्या बोलण्यातले रूप त्याच्यासमोर असते, आणि त्या रूपापाशी पोहोचेल अशा रीतीने तो नियमांचा क्रम लावून घेऊ शकतो. 'पर म्हणजे इष्ट' असे म्हणण्याची मुभा त्याला आहे, कारण इष्ट काय याविषयी कोणाचे दुमत नाही.

पत्त्यांच्या टेबलावर ही मुभा नाही. तेथे इष्ट दोन आहेत आणि ती परस्परविरुद्ध आहेत. अस्वल जगणे एकाला इष्ट, मरणे दुसऱ्याला. म्हणून क्रमाचा नियम हा निकालाकडे पाठ करून उभा असला पाहिजे. याचे सर्वांत टोकाचे उदाहरण 'ह्युमिलिटी' आणि 'ओपलेसन्स' या दोन पत्त्यांच्या जोडीचे आहे. पहिला म्हणतो, सर्व प्राणी आपल्या शक्ती गमावतात आणि त्यांची ताकद व सहनशक्ती एक-एक होते. दुसरा म्हणतो, त्याच्यासारखे इतर सर्व मंत्र स्वतःच प्राणी होतात आणि त्यांची ताकद व सहनशक्ती त्यांच्या किमतीइतकी असते. दोन्ही टेबलावर असले तर पहिला पत्ता प्राणी होतो. प्राणी झाला म्हणून आपली शक्ती गमावतो. शक्ती गमावली तर प्राण्यांच्या शक्ती हरण करणारे काही उरतच नाही. तर मग त्याने ती गमावली कशी? खोटे बोलणाऱ्या क्रीटवासीयाचा जुना विरोधाभास येथे पत्त्यांच्या रूपाने आला आहे. नियमग्रंथ त्यावर तर्काने मात करीत नाही, क्रमाने करतो. परिणामांचे थर ठरलेले आहेत. आधी जात बदलते, मग शक्ती जातात, मग आकडे ठरतात. आणि जो परिणाम एका थरात लागू होऊ लागला तो वाटेत स्वतःचे मूळ गमावले तरी पुढच्या थरांत चालू राहतो. शेवटच्या थरात दोघेही आकडे ठरवू पाहतात, तेथे टेबलावर नंतर आलेला जिंकतो. 'ह्युमिलिटी' नंतर आला असेल तर तो स्वतः एक-एक होतो, 'ओपलेसन्स' नंतर आला असेल तर चार-चार. परकार्यच हे, पण पाणिनीचे परत्व ग्रंथातले आहे, ते कधी बदलत नाही. येथले परत्व त्या दिवशीच्या, त्या टेबलावरच्या घटनेतले आहे, आणि ते कोणाच्या तरी स्मरणात असावे लागते.

स्मरणाचा हा धागा आपल्याला मूळ प्रश्नाकडे नेतो. नियमग्रंथाने एकेक संदिग्धता बुजवत नेली. पत्त्यावर छापलेला मजकूरसुद्धा अंतिम मानला जात नाही. प्रत्येक पत्त्याचा अधिकृत पाठ वेगळा नोंदलेला असतो, जुन्या पत्त्यावर 'इंटरप्ट' छापलेले असले तरी ते आज 'इन्स्टंट' असेच वाचावे लागते. (पाठचिकित्सेच्या अभ्यासकाने हेवा करावा अशी ही स्थिती आहे, अधिकृत पाठ आहे, फक्त तो कोणाच्याही हातात नाही.) एवढे झाल्यावर अन्वयार्थाला जागा उरू नये. प्रत्यक्षात ती शब्दांतून हलली आणि उच्चाराच्या क्षणात जाऊन बसली. चळतीवर काय आहे हे निर्विवाद ठरवता येते. पण ते चळतीवर गेले केव्हा, हे माणसाच्या बोलण्यावरून ठरवायचे असते, आणि माणसे अर्धवट बोलतात.

'लढाई' हा एकच शब्द घ्या. पाळी असलेला खेळाडू 'लढाई' म्हणतो. लढाईला एक उंबरठा असतो, काही शक्ती तेथेच वापरता येतात. त्यापुढे हल्लेखोर जाहीर करण्याचा टप्पा. हा शब्द उच्चारून खेळाडू उंबरठ्यावर आला की उंबरठा ओलांडून गेला? स्पर्धांच्या नियमांत दीर्घकाळ असा संकेत होता, की प्रतिपक्षाने काही केले नाही तर बोलणारा थेट पुढे गेला. उंबरठ्यावर काही करायचे मनात होते त्याची संधी आपल्याच शब्दाने हुके. २०१७ मध्ये हा संकेत बदलला. प्रतिपक्ष गप्प राहिला तरी बोलणाऱ्याला उंबरठ्यावरची संधी मिळू लागली. शब्द तोच, बोलणाऱ्याचा हेतू तोच, पण एका वर्षी तो शब्द त्याला बांधून टाकी आणि पुढच्या वर्षी बांधत नसे. जे. एल. ऑस्टिन यांनी उच्चार हीच कृती असते हे दाखवून दिले. पण ती कृती किती लांबीची असते, कोठे सुरू होऊन कोठे संपते, हे उच्चारात नसते, संकेतात असते.

आणि वाद झालाच तर? पंच बोलावला जातो, त्याचा निर्णय न पटल्यास मुख्य पंचाकडे जाता येते, तेथे तो अंतिम होतो. एच. एल. ए. हार्ट यांनी १९६१ च्या 'द कॉन्सेप्ट ऑफ लॉ' मध्ये असा इशारा दिला आहे, की धावा मोजणाऱ्याचा निर्णय अंतिम असतो याचा अर्थ तो म्हणेल तोच नियम असा नव्हे. नाही तर तो वेगळाच खेळ होईल. हे मान्य करूनही एक अडचण राहते. पंचाने चूक केली आहे असे म्हणायला काहीतरी घडलेले असावे लागते. कोण आधी बोलले याचा साक्षीदार त्या दोघांवाचून कोणी नसेल, तर पंच ज्याच्या विरुद्ध चुकू शकेल असे सत्य तरी कोठे आहे?

अशा वेळी खेळ मागे नेण्याचा उपाय असतो. आपल्याकडे अंगणातल्या खेळात 'टाइम प्लीज' आधी म्हटले की आधी शिवले, यावरून भांडण जुंपले आणि सुटेना, की डाव पुन्हा मांडतात. ते शहाणपणाचेच आहे. पंचालाही पत्ते परत हातात देऊन खेळ चुकीच्या क्षणापर्यंत मागे नेता येतो. पण तो हे जपून करतो, आणि त्याचे कारण विचार करण्याजोगे आहे. पत्ता मागे घेता येतो, तो पाहिल्याने झालेले ज्ञान मागे घेता येत नाही. मी तुझ्या मंत्राला उत्तर दिले, मग ते उत्तर वेळेत नव्हते असे ठरले, पत्ता माझ्या हातात परत आला. पण तो माझ्याजवळ आहे हे तुला आता ठाऊक आहे. खेळातला काळ उलटा फिरवता येतो, खेळाडूंचा येत नाही. दुसऱ्या वाचनात पहिले वाचन पुसता येत नाही, हे आपण समीक्षेत सहज म्हणून जातो. येथे त्याची किंमत कोणीतरी भरतो.

नैतिक प्रश्न खऱ्या अर्थाने येथून पुढे सुरू होतो, आणि तो बोलण्याचा नसून गप्प राहण्याचा आहे. अनेक पत्त्यांवर 'अमुक घडले की तमुक होते' अशा वळणाचा मजकूर असतो. त्याला ट्रिगर म्हणतात. नियमग्रंथानुसार तो कोणी आठवण न करताही आपोआप लागू होतो. टेबलावर मात्र तो कोणीतरी उच्चारावा लागतो. उच्चारायचे ज्याने तो विसरला, आणि समोरच्याच्या ते ध्यानात आले, तर समोरच्याने काय करावे? पूर्वी उत्तर स्पष्ट होते : खेळाची स्थिती बरोबर ठेवणे ही दोघांची सामायिक जबाबदारी, जाणूनबुजून गप्प राहणे ही फसवणूक. २०१२ मध्ये स्पर्धांपुरते हे धोरण बदलले. आपला ट्रिगर आपण लक्षात ठेवावा. प्रतिपक्षाने आठवण करून देण्याचे बंधन नाही. उलट, स्वतःला अपायकारक असलेला स्वतःचा ट्रिगर मुद्दाम विसरणे ही मात्र आजही फसवणूकच आहे.

या बदलाचे समर्थन करता येते आणि मी ते काही अंशी करतो. समोरच्याच्या ध्यानात आले होते की तोही विसरला होता, हे पंचाने कसे ओळखावे? जुन्या नियमाने शिक्षा व्हायची ती प्रामाणिकपणे 'मला दिसले होते' म्हणणाऱ्याला. 'माझ्याही लक्षात नव्हते' म्हणणारा सुटायचा. विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ साली लेखकाचा हेतू हा अन्वयार्थाचा निकष होऊ शकत नाही असे म्हटले, त्यामागेही अशीच एक अडचण होती : हेतू हाती लागत नाही. मात्र एक विसंगती नजरेआड करता येत नाही. मजकुराच्या अर्थातून आणि मौनाच्या हिशेबातून बाहेर काढलेला हेतू फसवणुकीच्या व्याख्येत पुन्हा केंद्रस्थानी येऊन बसला आहे. आपण नियम मोडतो आहोत हे खेळाडूला ठाऊक होते काय आणि त्यातून त्याला लाभ साधायचा होता काय, हे तेथे पंचाला शोधावेच लागते. संहितेपुरता हेतू अप्राप्य आणि माणसापुरता प्राप्य, हे कसे?

मला वाटते, हा प्रश्न सोडवण्याऐवजी त्याची वाटणी झाली आहे. पूर्वी टेबलावरच्या संहितेचे दोघे मिळून राखणदार होते. माझ्या तोट्याचे वाक्यही मीच तुला वाचून दाखवायचे, कारण ते वाक्य तुझे नव्हते आणि माझेही नव्हते, दोघांसमोर घडणाऱ्या खेळाचे होते. आता प्रत्येकाला आपापली वाक्ये सांभाळायची आहेत. स्पर्धेत बक्षिसाची रक्कम असते, अनोळखी माणूस समोर असतो, पंच तीन टेबलांपलीकडे असतो. तेथे हे कदाचित अपरिहार्यही असेल. पण त्याच दोघांना आठवड्याभराने एखाद्याच्या घरी खेळताना पाहावे. एकजण आपली पाळी संपवू लागतो, आणि दुसरा पत्त्यांवरून नजर न उचलता म्हणतो, 'अरे, तुझे ते राहिले की.' पहिला कपाळावर हात मारतो, राहिलेली इजा मोजतो, आणि 'तुझे ते' म्हणणारा त्या इजेने हरतो. नियमग्रंथाच्या दृष्टीने ती इजा योग्य क्षणी, आपोआप, झालेलीच होती.